नानांचा व्हॉल्व्ह आणि मायची आखाजी

नानांनी गाडी घ्यायचं ठरवलं आणि त्या दिवसापासून मायचं माहेर बंद झालं. कोणाला वाटेल नाना दुष्ट होते. तसं काही नव्हतं. माझा बाप मनाचा मऊ माणूस, फक्त शब्दाला घट्ट. आमच्या खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जातात. दिवाळी एक वेळ हुकली तरी चालते, आखाजी हुकायची नाही. आणि लेक अशी उठून आपली आपण जात नाही, तिला न्यायला भाऊ येतो. त्याला मुराळी म्हणतात. मायला न्यायला दरवर्षी साक्रीकडून तिचा भाऊ, माझा दगामामा, सुरतला यायचा. एका वर्षी गोडादऱ्याच्या आमच्या ओट्यावर बसून चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "दाजी, दरसाल मीच येस. कधी तुम्ही बी आनी सोडा आक्काले." झालं. नानांनी कपबशी खाली ठेवली आणि सगळी गल्ली ऐकेल अशा आवाजात सांगितलं, की आता आणून सोडीन तर स्वतःच्या गाडीतच सोडीन, तोवर तू येऊ नको. मामाही तेवढाच ताठ, चहा तसाच टाकून उठला. तेव्हापासून चार आखाज्या गेल्या. मुराळी आला नाही आणि गाडीही आली नाही. आखाजीच्या दिवशी माय सकाळीच खापरावरची पुरणपोळी करायची, आम्हाला आमरस वाढायची आणि स्वतः मागच्या मोरीत कपडे घेऊन बसायची. ती कपडे फार जोरात आपटायची, एवढंच आम्हाला कळायचं.

नाना पलसाण्याच्या एका डाइंग मिलमध्ये बॉयलरवर होते. वीस वर्षं त्यांनी वाफ सांभाळली होती. बॉयलरवाल्याचा एक रुबाब असतो. मिलमध्ये शेठ आला तरी लोक हात चालवत राहतात, पण बॉयलरवाला खोलीतून बाहेर आला की सगळे वळून बघतात, की काय झालं म्हणून. हा रुबाब नाना घरीही घेऊन यायचे. कुकरच्या शिट्ट्या ते मोजत नसत, ऐकत असत. "शिट्टी पातळ वाजनी, रिंग बदल," असं ते पेपर वाचता वाचता सांगायचे आणि खरोखरच रिंग गेलेली असायची. त्यामुळे जगात जिथे जिथे पाणी गरम होतं, तिथे तिथे शेवटचा शब्द आपला, अशी त्यांची समजूत झाली होती. मायचं म्हणणं असं, की बत्तीस वर्षं मीपण पाणी गरम करते आहे. पण ते ती नानांना ऐकू जाईल असं म्हणत नसे. आज मी भेस्तानच्या फ्लॅटमध्ये गिझरचं बटण दाबते तेव्हा मला दोघांचीही आठवण येते आणि दोघांनाही या बटणाचा राग आला असता असं वाटतं.

पाचव्या वर्षी थंडीत गाडी आली. मिलच्या शेठच्या भाच्यानं नवी घेतली म्हणून त्याची जुनी नानांकडे आली. पांढरी होती, म्हणजे एके काळी होती. आमच्या गल्लीत दोन्ही बाजूंना खाली लूम आणि वर बिऱ्हाडं. दिवसभर खटाखट, खटाखट, आणि वीज गेली की अशी शांतता की लहान पोरं दचकून रडायची. त्या गल्लीत ही पहिली गाडी. ती आत शिरली तेव्हा लोकांनी खाटा उचलल्या, बायकांनी वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे उचलले, आणि गाडी आमच्या ओट्याला लागली ती अशी, की मला पुढे दोन महिने घरात आडवं होऊन शिरावं लागलं. मायनं गाडीला हळदकुंकू लावलं. मग बोनेटवर हात ठेवून ती मला हळूच म्हणाली, "औंदा आखाजी भाईकडे." 'भाई' म्हणताना तिचा आवाज बदलला होता. मला तेव्हा ते नीट समजलं नाही. मी बारावीत होते आणि मला सगळं समजतं असं मला वाटायचं.

थंडीभर गाडी गुणी चालली. होळी झाली आणि ऊन चढलं तशी ती तापायला लागली. एकदा भेस्तानच्या फाटकापाशी गाडीतून अशी वाफ निघाली की मागचा रिक्षावाला रिक्षा सोडून पळाला. नाना मात्र खूश. वाफ हा त्यांच्या घरचा विषय. त्यांनी गाडी नाक्यावरच्या रमणभाई मिस्त्रीकडे नेली. रमणभाईनं बोनेट उघडलं, वरच्या जाड नळीला हात लावला, खालच्या नळीला हात लावला आणि तीन मिनिटांत निकाल दिला. "नानाभाऊ, थर्मोस्टॅट जाम छे. काढी नाखो ने फेंकी दो. आपणे सुरतमां क्यां बरफ पडे छे?" थर्मोस्टॅट म्हणजे काय, हे त्यानंच आम्हाला समजावलं. इंजिन आणि रेडिएटर यांच्या मधलं ते एक लहान दार. पाणी थंड असेपर्यंत बंद राहतं आणि तापलं की उघडतं, म्हणजे गरम पाणी रेडिएटरकडे जाऊन निवतं. आमचं दार बंदच राहिलं होतं. तेव्हा सुरतेतले निम्मे मिस्त्री हे दार काढून फेकून द्यायचे आणि गाड्या बिनदाराच्या फिरायच्या. पण नानांना 'फेका' हा शब्द इंगळीसारखा डसला. "व्हॉल्व्ह फेकाना ऱ्हास का?" असं ते घरी येईपर्यंत पुटपुटत होते. बॉयलरचा व्हॉल्व्ह काढून फेकणारा माणूस तुरुंगात जातो, असं त्यांनी आम्हाला जेवताना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते रिंग रोडवरून नवा थर्मोस्टॅट घेऊन आले आणि जाहीर केलं की तो ते स्वतः, घरी बसवणार.

आखाजीला दोन दिवस होते. मायनं पिशवी भरून दाराशी ठेवली होती. तिच्यात मामाच्या पोरांसाठी नानखटाई, मामीसाठी मिलमधून आणलेली नव्या छापाची साडी, आणि मामासाठी काय घेतलंय ते तिनं मलाही दाखवलं नव्हतं. येता जाता ती त्या पिशवीचा बंद सोडायची आणि परत बांधायची.

नानांनी आधी नव्या थर्मोस्टॅटची परीक्षा घ्यायची ठरवली. परीक्षेची जागा मायचं स्वयंपाकघर, आणि भांडं तिचं दुधाचं पातेलं. त्या पातेल्यात दुधाशिवाय आजवर काहीही शिजलं नव्हतं. माय दोन्ही हात कमरेवर ठेवून गॅसपाशी उभी राहिली, चोर पकडायला उभा राहावा तशी. थर्मोस्टॅट दिसायला मजेशीर होता. वर पितळी चकती, चकतीत बंद झाकण, खाली स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या मध्ये बोटाच्या पेराएवढा एक फुगीर तुकडा. त्या तुकड्यात मेण भरलेलं असतं, ते तापून फुगतं आणि झाकण उघडतं. हे मला गाडीबरोबर आलेल्या पुस्तकातून कळलं होतं. माझं शिक्षण मराठी शाळेतलं, पुस्तक इंग्रजी, पण चित्रं होती. माय त्या तुकड्याला 'बोंड' म्हणाली, कपाशीचं असतं तसं. घरात मग तेच नाव पडलं.

नानांनी मायच्या परकराच्या नाडीचा एक तुकडा घेतला, थर्मोस्टॅट त्याला बांधला आणि उकळत्या पाण्यात सोडला. आधी त्यांनी तो चकती खाली आणि बोंड वर, पाण्याच्या बाहेर, असा धरला. काही झालं नाही. नाना दुकानदाराला शिव्या देऊ लागले. नाडी त्यांच्या हातात पिळली गेली, थर्मोस्टॅट फिरला, बोंड पाण्यात बुडालं आणि झाकण फुलासारखं हळूच उघडलं. आम्ही तिघंही वाकून बघत राहिलो. मीच काय, नानाही पोरासारखे हसले. मग त्यांनी तो वर काढला, झाकण मिटलं, परत सोडला, परत उघडलं. असं पाच-सहा वेळा झालं. तेवढ्यात माय म्हणाली, "बोंड पाणीमा ऱ्हायनं का तोंड उघडस, बोंड वर ऱ्हायनं का नही."

"हां," नाना म्हणाले.

"मंग बोंड इंजनकडे नको का ऱ्हावाले? ऊन पाणी तर तथाईनच येस ना."

नानांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू पातेलंच बोललं. "तू दाय शिजाड," ते म्हणाले, "व्हॉल्व्हमा डोकं घालू नको." आणि मग त्यांनी मला समजावून सांगितलं, मायला नाही, पण आवाज मायसाठी होता. मिलमध्ये वाफेच्या लाइनीवर असाच स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. वाफ एका बाजूनं ढकलते, स्प्रिंग पलीकडून धरून ठेवते. म्हणजे स्प्रिंग नेहमी पलीकडे, बॉयलरपासून लांब. वीस वर्षं असे व्हॉल्व्ह बसवलेत, एकही उलटा नाही. त्यांचं अगदी बरोबर होतं, फक्त ते बॉयलरबद्दल होतं. हा व्हॉल्व्ह ढकलल्यानं उघडत नाही, तापल्यानं उघडतो, हे त्यांनी आत्ताच मायच्या पातेल्यात सहा वेळा पाहिलं होतं. पण वीस वर्षांची सवय डोळ्यांपुढे उभी राहिली की पातेलं दिसत नाही. मी पुस्तकातलं चित्र उघडलं. बोंड इंजिनकडे होतं. मी ते नानांना दाखवलं तर ते म्हणाले, "चित्र मांगल्या बाजूनं काढेल शे." मी पुस्तक मिटलं. खरं सांगायचं तर मला बारावीची परीक्षा संपल्याचा आनंद होता आणि बापाशी वाद घालून तो घालवायचा नव्हता. पुढे जे झालं त्यातला माझा वाटा एवढाच, पण आहे.

काम गल्लीत झालं, सकाळच्या वेळी, सगळ्यांसमोर. नानांनी मिलमधला खाकी शर्ट घातला. थंड इंजिनातलं पाणी खालून बादलीत काढलं, वरची नळी सोडवली, दोन बोल्ट काढले आणि झाकण उचललं. आत जुना थर्मोस्टॅट पांढऱ्या क्षारानं असा माखला होता की जणू कोणी चुन्यात बुडवून काढलाय. बोअरिंगचं खारं पाणी. मिलमध्ये बॉयलरला मऊ पाणी मिळावं म्हणून नाना मॅनेजरशी भांडायचे, आणि घरच्या गाडीला त्यांनी चार महिने बोअरिंगचं पाणी पाजलं होतं. हे त्यांच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनी तो थर्मोस्टॅट पटकन खिशात घातला. झाकणाखाली बसवायचं पॅकिंग दुकानातून आणायचं राहिलं होतं. त्यांनी माझ्या रसायनशास्त्राच्या वहीचा पुठ्ठा मागितला, झाकण त्यावर ठेवून पेन्सिलनं आखलं आणि ब्लेडनं असं सुबक पॅकिंग कापलं की लूमवाले खाली येऊन बघून गेले. एक नाही, दोन कापली. बॉयलरवाला एकाच पॅकिंगवर भरवसा ठेवत नाही. मग ग्रीस लावून, थर्मोस्टॅट नेमका उलटा ठेवून, त्यांनी बोल्ट आवळले. हाताचं काम इतकं देखणं होतं की चूक शोधायचं कोणाच्या मनातही आलं नाही. पाणी भरून इंजिन पाच मिनिटं चालू ठेवलं. लूमच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून नानांनी पान्हा इंजिनाला टेकवून दुसरं टोक कानाला लावलं आणि डोळे मिटले. "गायसारखं गरीब बोलस," ते म्हणाले. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. माय ओट्यावर उभी होती, तिनं वाजवल्या नाहीत.

आखाजीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. मायनं मोरपंखी साडी नेसली होती आणि केसात अबोली होती. मागच्या सीटवर ती पिशवी मांडीवर घेऊन ताठ बसली, नव्या नवरीसारखी. कडोदऱ्यापर्यंत काही झालं नाही. मग तापमानाचा काटा हलला. मी पुढे बसले होते, मला दिसत होता. नानांनाही दिसत होता, पण ते समोर उसाच्या बैलगाड्या बघू लागले. काटा अर्ध्यावर आला, नाना शीळ घालू लागले. काटा तांबड्यात शिरला तेव्हा त्यांनी खिशातला रुमाल काढून काट्यावर पसरला. "काटासले काय समजस?" ते म्हणाले. बारडोलीच्या थोडं अलीकडे इंजिनालाच समजलं. आधी एक वास आला, मग फुस्स असा आवाज झाला, आणि समोरची काच पांढरी झाली. गाडी एका कडुनिंबाखाली कशीबशी थांबली.

पडलो तरी नाक वर, ही म्हण नानांसाठीच केली असावी. खाली उतरून, वाफेच्या ढगात उभं राहून ते म्हणाले, "मी म्हनंच व्हतं, वाफ जोरदार शे." निवायला तास लागणार होता. मग झाकण उघडायचं, बघायचं, पाणी आणायचं. नाना हिशोब सांगत होते आणि माय ऐकत होती. ऐकता ऐकता ती उतरली, तिनं साडीच्या निऱ्या झटकल्या आणि पिशवी खांद्याला लावली. मला वाटलं सावलीत बसणार. ती रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. लांबून एक एसटी येत होती, धुळ्याची पाटी लावलेली. मायनं हात वर केला.

"कोठे चालनी?" नानांचा आवाज चिरकला. "मुराळी नही, कोनी नही, एकली?"

"एसटीले मुराळी लागस नही," माय म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, "तू थांब बापजोडे. पुस्तक वाचीसन दाखाड त्यासले."

बस थांबली. कंडक्टरनं वाफाळणारी गाडी, खाकी शर्टातला माणूस आणि मोरपंखी साडीतली बाई हे सगळं एकदा पाहिलं आणि काही न विचारता दार उघडलं. माय चढली. तिनं मागे वळून पाहिलं नाही. ही बस दिवसातून तीन वेळा आमच्या नाक्यावरून जायची. चार वर्षं माय त्याच नाक्यावर भाजी आणायला जात होती. हे मला त्या कडुनिंबाखाली उभं राहून पहिल्यांदा सुचलं आणि मला नानांचा इतका राग आला, की मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. थोडा स्वतःचाही आला. मलाही कधी वाटलं नव्हतं की ती अशीच जाऊ शकते.

मायनं बांधून दिलेली कळण्याची भाकरी आणि ठेचा नानांनी मला दिला, स्वतः खाल्ला नाही. इंजिन निवल्यावर त्यांनी झाकण उघडलं, थर्मोस्टॅट बाहेर काढला आणि तळहातावर घेऊन एकदा असा, एकदा तसा फिरवला. मी न सांगता पुस्तकातलं चित्र त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते पाहिलं. मग बोंड इंजिनकडे करून त्यांनी थर्मोस्टॅट बसवला, वहीच्या पुठ्ठ्याचं दुसरं पॅकिंग लावलं आणि बोल्ट आवळले. शेतातल्या विहिरीवरून मी पाच खेपा पाणी आणलं. गाडी सुरू झाली. काटा मधोमध येऊन थांबला आणि तिथेच राहिला. "बॉयलरमा असं नही ऱ्हास," नाना एवढंच म्हणाले, माझ्याकडे नाही, इंजिनाकडे बघून. माझ्या बापानं आयुष्यात चूक कबूल केल्याचं मला आठवतं ते हेच.

आणि मग त्यांनी गाडी पळवली. त्यांना बस गाठायची होती. मायला बसमधून उतरवून, गाडीत बसवून, गाडीतूनच मेहुण्याच्या दारात उतरवायचं होतं. पाच वर्षांचा शब्द अजून वाचवता येत होता. व्यारा गेलं, सोनगड गेलं. नवापूरच्या स्टँडवर बस चहासाठी थांबलेली दिसली. नाना हात न पुसताच धावले. माय खिडकीशी बसून काकडी खात होती, मीठ लावून.

"उतर," नाना खालून म्हणाले. "गाडी नीट व्हई गयी."

मायनं काकडीचा घास संपवला. "तिकीट साक्रीलगून काढेल शे."

"मी देस ना त्याना पैसा!"

"पैसानं नही," माय म्हणाली. ती चिडली नव्हती, हसतही नव्हती. "तुम्ही या मांगेमांगे."

शेजारी बसलेल्या बाईनं पदर तोंडाला लावला. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. नाना परत गाडीत येऊन बसले आणि आम्ही बसच्या मागे निघालो. कोंडाईबारीचा सगळा घाट आम्ही त्या बसचा धूर खात चढलो. ओलांडून जायची जागा दोनदा मिळाली, नानांनी घेतली नाही. मी विचारलं तर म्हणाले, "तिले दिसाले जोयजे, आपण मांगे शेतस म्हणीसन." त्यानंतर माझा राग बराच उतरला. आजही घाटात एखादी गाडी उगाच एसटीच्या मागे मागे जाताना दिसली तर मी हॉर्न वाजवत नाही.

मामाच्या गावाच्या फाट्यावर माय उतरली. गाव तिथून दोन मैल, कच्चा रस्ता. नानांनी मागचं दार उघडून धरलं. मायनं दाराकडे पाहिलं, नानांच्या काळ्या हातांकडे पाहिलं, पिशवी तेवढी त्यांच्या हातात दिली आणि चालायला लागली. दोन मैल ती पुढे आणि आमची गाडी पहिल्या गिअरमध्ये मागे, पिशवी मागच्या सीटवर एकटी. इंजिन तापलं नाही. शेतातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. कोणाची तरी पोरं गाडीबरोबर पळू लागली. गावात शिरताना माय अधिकच भरभर चालू लागली, शेवटी शेवटी तर ती जवळजवळ पळत होती, मोरपंखी साडी धुळीनं पांढरी झालेली.

दगामामा आरडाओरडा ऐकून बाहेर आला. धुळीनं माखलेली बहीण आणि तिच्यामागे फटफटत येणारी गाडी बघून त्याला काही उमजेना. पाच वर्षांनी समोर आलेल्या बहिणीला काय विचारावं हे त्याला सुचलं नाही, म्हणून त्यानं सुचलं ते विचारलं. "काय व आक्का, पायी पायी उनी, गाडी बिगडनी का?"

माय दम खात थांबली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"गाडी बेस शे," ती म्हणाली. "मी मना मनथीन उनू."